झीज आणि भरपाई

आपल्या मराठीत 'झिजणे' या क्रियापदाला मोठी प्रतिष्ठा आहे. वहाण झिजते, नाणे झिजते, जात्याची पाळ झिजते. त्याचे कुणी कौतुक करीत नाही. पण माणूस झिजला की आपण त्याला चंदनाची उपमा देतो. तीस वर्षे शिक्षकी पेशात काढल्यामुळे निरोप समारंभांतली भाषणे ऐकण्याचा आणि करण्याचाही योग मला भरपूर आला आहे. निवृत्त होणारा शिपाई असो, पर्यवेक्षक असो की बालवाडीच्या बाई असोत, 'संस्थेसाठी चंदनासारखे झिजले' हे वाक्य शाल-श्रीफळाइतकेच ठरलेले. घरातल्या आईबद्दलही आपण हेच बोलतो. तिने संसारासाठी हाडे झिजवली, असे म्हणताना आपला गळा दाटून येतो. सत्कारमूर्तीला व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढायला दोघांचा हात धरावा लागतो, ही गोष्ट मात्र कुणाच्याच भाषणात येत नाही.

मला येथे या उपमेतल्या झिजण्याविषयी लिहायचे नाही. अक्षरशः झिजण्याविषयी, म्हणजे गुडघ्याच्या सांध्यातली जी कूर्चा झिजते तिच्याविषयी लिहायचे आहे. कूर्चा एकदा गेली की पुन्हा येत नाही, असे वैद्यक शतकानुशतके सांगत आले. लंडनच्या विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ साली रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात हेच नोंदवले होते. गेल्या काही दशकांत मात्र माणसाच्या स्वतःच्या कूर्चेतल्या पेशी बाहेर काढून, प्रयोगशाळेत वाढवून, त्याच सांध्यात परत बसवण्याची विद्या माणसाने हस्तगत केली आहे. ही विद्या अजून अपुरी आहे, हे पुढे येईलच. पण झिजलेले भरून येऊ शकते, एवढी शक्यता जरी निर्माण झाली, तरी झिजण्याला पुण्य मानणाऱ्या आपल्या समाजापुढे एक प्रश्न उभा राहतो. भरपाई शक्य असताना झीज हे भूषण राहते काय? आणि भरपाई करायची ती कुणाची, कुणाच्या पैशाने आणि कोणत्या क्रमाने?

आमच्या सीमाभागात गुडघ्याचा विषय निघाला की भाषेचीही गंमत होते. कानडीत 'मंडी' म्हणजे गुडघा आणि मराठीत 'मांडी' म्हणजे त्याच्या वरचा भाग. आठवडी बाजारच्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर एक आजी 'मंडी नोवु' म्हणते आणि तिच्या शेजारची 'मांडी घालून बसवेना' म्हणून सांगते. शब्द शेजारी राहून सरकले, दुखणे जागच्या जागी एकच राहिले. पुढे दोघीही 'वाटी घासली', 'गादी गेली', 'वंगण संपलं' या शब्दांत तेच सांगतात. या शब्दांतली कल्पना फारशी चुकीची नाही. हाडांच्या टोकांवर दोन ते चार मिलिमीटर जाडीचे, गुळगुळीत, ओलसर असे जे अस्तर असते तीच ही कूर्चा. तिच्या वजनाचा बहुतांश भाग पाण्याचा असतो. ते पाणी धरून ठेवणाऱ्या प्रथिनांचे आणि शर्करांचे जाळे तिच्यात विणलेले असते आणि या जाळ्यात अगदी विरळ, एकेकट्या अशा पेशी बसलेल्या असतात.

कूर्चेच्या दोन लक्षणांकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पहिले म्हणजे तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. कातडीला जखम झाली की रक्त धावून येते, गुठळी धरते, खपली येते, नवी कातडी तयार होते. कूर्चेकडे धावून येणारे कुणीच नाही. सांध्यातल्या द्रवातून, पावलागणिक दाब पडून आणि सुटून, जे झिरपेल त्यावर तिची उपजीविका. दुसरे लक्षण असे की तिच्यात मज्जातंतूही नाहीत. म्हणजे कूर्चा झिजताना स्वतः दुखत नाही. झीज पुष्कळ पुढे जाते, खालचे हाड आणि भोवतालचे आवरण तक्रार करू लागते, तेव्हा कुठे घरधन्याला कळते. ज्याच्याकडे मदत पोचत नाही आणि ज्याला ओरडता येत नाही, त्याच्यावरच साऱ्या शरीराचा भार! घराघरांतून आणि कार्यालयांतूनही अशी माणसे असतात. ती कोण हे प्रत्येकाने आपापल्या मनाशी ताडून पाहावे.

२०१६ साली कोपनहेगनच्या संशोधकांनी एक विलक्षण अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० नंतरच्या दशकात आणि १९६३ पर्यंत अणुबॉम्बच्या ज्या चाचण्या उघड्यावर झाल्या, त्यांमुळे हवेतल्या किरणोत्सर्गी कार्बनचे प्रमाण एकदम वाढले आणि नंतर हळूहळू उतरत गेले. तो कार्बन अन्नातून माणसाच्या शरीरात आला. एखादे ऊतक केव्हा घडले हे त्यातल्या कार्बनच्या प्रमाणावरून सांगता येते. या मोजणीत असे आढळले की गुडघ्याच्या कूर्चेतले कोलॅजन, म्हणजे तिचा मुख्य ताणाबाणा, शरीराची वाढ होत असतानाच विणला जातो. प्रौढपणी त्याची अदलाबदल जवळजवळ होतच नाही. निरोगी गुडघ्यात नाही आणि सांधा झिजलेल्या गुडघ्यातही नाही.

याचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. रक्त बदलते, कातडी बदलते, हाडसुद्धा हळूहळू बदलते. ते सारे व्याजावर चालते म्हणा ना. कूर्चेचे कोलॅजन हे मुद्दल आहे. सत्तरीतली बाई ज्या कोलॅजनावर उभी असते ते तिच्या लहानपणी आणि तरुणपणाच्या उंबरठ्यावर विणले गेलेले असते. त्या वयात डोक्यावर दोन घागरी घेऊन विहिरीवरून आलेली, पुढे खानापूरच्या चिखलात वाकून भाताची रोपे लावलेली, किंवा निपाणीत विड्यांचे सूप मांडीवर घेऊन दिवसदिवस जमिनीवर बसलेली बाई काय खर्च करीत होती, हे आता आपल्याला कळते. उकिडवे बसून आणि गुडघे टेकून करायच्या कामांचा गुडघ्याच्या झिजेशी संबंध आहे, हे वैद्यकाने दाखवून दिलेले आहे. ती बाई मजुरीवर जगत होती असे आपण समजत होतो. ती मुद्दलातून देत होती.

आता या मुद्दलाची भर घालण्याचा जो खटाटोप झाला त्याकडे वळू. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात १९८७ साली एका रुग्णाच्या गुडघ्यात त्याच्याच वाढवलेल्या कूर्चापेशी प्रथम बसवण्यात आल्या. त्याआधी सशांवर प्रयोग झाले होते. पद्धत ऐकायला सोपी आहे. दुर्बिणीतून सांध्यात शिरून, मांडीच्या हाडाच्या ज्या कडेवर भार कमी पडतो तेथील निरोगी कूर्चेचा छोटासा तुकडा काढायचा. तो प्रयोगशाळेत नेऊन, भोवतालचे जाळे विरघळवून, पेशी मोकळ्या करायच्या. त्या बशीत पोषक द्रवात ठेवून दोन ते तीन आठवडे वाढू द्यायच्या. मग गुडघा उघडून, खराब झालेला भाग साफ करून, त्या खड्ड्यावर नडगीच्या हाडावरचे पातळ आवरण ठिगळासारखे शिवायचे आणि त्या ठिगळाखाली पेशी सोडायच्या. मॅट्स ब्रिटबर्ग, लार्स पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली १४ ते ४८ वयाच्या २३ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. मांडीच्या हाडाच्या टोकावर ज्यांना हा उपचार केला त्या १६ जणांपैकी १४ जणांची स्थिती दोन वर्षांनंतर चांगली किंवा उत्तम होती. वाटीच्या मागच्या बाजूस केलेल्या सातांपैकी मात्र दोघांनाच तसा गुण आला. त्याच गुडघ्यात, चार बोटांच्या अंतरावर, एवढा फरक पडला.

या सगळ्या प्रक्रियेत मला सर्वांत विचारप्रवर्तक वाटणारी गोष्ट बशीत घडते. कूर्चेतली पेशी स्वभावाने गोल, एकांतप्रिय आणि सावकाश काम करणारी. तिला सपाट बशीत पसरून ठेवले की ती भराभर वाढते खरी. पण वाढता वाढता ती चपटी, लांबट होते आणि आपला व्यवसाय विसरते. कूर्चेचे खास कोलॅजन विणण्याचे सोडून ती कातडीत आणि व्रणात असते तसले कोलॅजन विणू लागते. म्हणजे संख्या वाढली आणि ओळख गेली. १९८२ साली बेन्या आणि शॅफर या दोन अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की अशा विसरलेल्या पेशी समुद्रशैवालापासून काढलेल्या जेलीसारख्या पदार्थात, चारी बाजूंनी आधार मिळेल अशा ठेवल्या, तर त्या पुन्हा गोल होतात आणि आपले मूळचे कोलॅजन विणू लागतात. त्यांचा वारसा नष्ट झालेला नव्हता. तो प्रकट व्हायला लागणारी भोवतालची घडण तेवढी गेली होती.

दोन भाषांच्या मधोमध शाळा चालवणाऱ्या माणसाला हे वाचून काय आठवेल, हे सीमाभागातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. उपमा फार ताणू नये. मुले म्हणजे पेशी नव्हेत आणि शाळा म्हणजे जेली नव्हे. तरी एवढे म्हणता येते की वस्तूचे 'स्वत्व' तिच्या आत पुरचुंडीसारखे बांधून ठेवलेले असते, ही आपली समजूत अपुरी आहे. ग्रीकांकडे थीसियसच्या जहाजाची कथा आहे: एकेक फळी बदलत सगळ्याच फळ्या बदलल्या, तर जहाज तेच राहिले का? आपल्याकडे 'मिलिंदपन्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाविषयी विचारतात की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, आणि यांतले एकही नसेल तर रथ कुठे आहे? या दोन्ही कोड्यांत सुटे भाग निर्जीव आहेत. कूर्चेची पेशी जिवंत असूनही तिने तोच निर्वाळा दिला. ती कोण आहे हे ती कुठे आहे, कुणाच्या सान्निध्यात आहे आणि तिच्यावर कोणता भार पडतो यावर पुष्कळसे ठरते. म्हणूनच या शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने बेताने व्यायाम द्यावा लागतो. भार अजिबात नसेल तर पेशी आपले काम शिकत नाही, आणि एकदम दिला तर मरते. हे शिक्षकाला पटायला वेळ लागत नाही.

आता 'आपले' या शब्दाकडे येऊ. या उपचाराचे मोठे नैतिक आकर्षण असे सांगतात की यात दुसऱ्याचे काही घ्यावे लागत नाही. ययातीने म्हातारपण टाळण्यासाठी मुलाचे तारुण्य मागितले आणि पुरूने ते दिले. त्या कथेतला सल आजही जात नाही. पुढच्या पिढीच्या जिवावर मागच्या पिढीने तरणे व्हावे, हे आपल्याला बोचते. मूत्रपिंड दुसऱ्याचे घ्यावे लागते, म्हणून त्यात खरेदी-विक्रीचा बाजार शिरला आणि १९९४ चा कायदा करावा लागला. येथे मात्र गुडघाही माझा आणि पेशीही माझी. ही कल्पना आपल्या मुलखाला नवी नाही. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर असलेला कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका मराठी वैद्याने त्याच्याच कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकीकत चित्रासह लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन' या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली आणि तिथल्या शस्त्रवैद्यांनी ती विद्या उचलली. आपल्यातलेच काढून आपल्याला लावायचे, हे त्या अनाम वैद्याला ठाऊक होते. ऋग्वेदात अश्विनीकुमारांनी विश्पलेला धातूचा पाय बसवला, ही दुसरी परंपरा. आजच्या अस्थिरोगतज्ज्ञापुढे याच दोन वाटा आहेत: धातूचा सांधा बसवणे किंवा आपलेच आपल्याला लावणे.

परंतु 'फक्त माझे' हा दावा जरा बारकाईने पाहिला तर टिकत नाही. ज्या सशांच्या गुडघ्यांत प्रथम खड्डे पाडले गेले ते माझे नव्हते. पेशी वाढवण्याच्या कामात जगभर गाईच्या गर्भातल्या वासराच्या रक्तद्रवाचा वापर होत आला. गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी रुग्णाचाच रक्तद्रव वापरला, हे खरे. पण पुढे अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळालेल्या सुधारित पद्धतीत पेशी ज्या पापुद्र्यावर वाढवतात तो डुकराच्या कोलॅजनाचा असतो. सोवळेओवळे पाळणाऱ्यांनी आणि डुक्कर निषिद्ध मानणाऱ्यांनी याचा विचार आपापल्या श्रद्धेनुसार करावा. मात्र डॉक्टरांनी तो सांगितल्याखेरीज राहू नये, असे मला वाटते. आणि पेशी शरीराबाहेर वाढवण्याची जी विद्या आहे तिच्या इतिहासात हेन्रिएटा लॅक्स हे नाव विसरता येत नाही. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात या कृष्णवर्णी स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीतून तिला न विचारता पेशी घेतल्या गेल्या. ती त्याच वर्षी वारली. पेशी मात्र आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. तिच्या कुटुंबाला ही गोष्ट कळायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तिच्या वारसांशी एका मोठ्या कंपनीने तडजोड केली ती २०२३ साली. तेव्हा माझ्या गुडघ्यात माझीच पेशी परत आली तरी ती अनेकांच्या खांद्यावरून आलेली असते. आपल्या परंपरेत माणूस जन्मतःच ऋणांसह येतो असे मानले आहे. त्या यादीत आणखी एक ऋण वाढले, एवढेच.

ऋण मान्य केले की न्यायाचा प्रश्न टाळता येत नाही. ही विद्या आज कुणाच्या उपयोगी पडते? उत्तर स्पष्ट सांगायला हवे, कारण त्यावाचून पुष्कळ घरांची फसगत होते. उरलेला सांधा निरोगी असून एखाद्याच जागी, खेळताना किंवा अपघाताने, कूर्चेला खड्डा पडला असेल अशा तरुण किंवा मध्यमवयीन रुग्णासाठी ती आहे. सगळा सांधाच झिजलेल्या आजीसाठी ती नाही. जमीन चांगली असेल तर एका खड्ड्यात रोप लावता येते. सारा मळाच खरवडून गेल्यावर एका रोपाने भागत नाही. तरुणांतही यश सरसकट नाही. नॉर्वेत ८० रुग्णांचे दोन गट करून एका गटाला पेशी दिल्या आणि दुसऱ्या गटाच्या हाडाला नुसती बारीक छिद्रे पाडून रक्त येऊ दिले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन वर्षांनंतर दोन्ही गट सुधारलेले होते आणि पेशींच्या गटाला विशेष आघाडी मिळालेली नव्हती. पुढे २०१४ साली पापुद्र्यावर वाढवलेल्या पेशींचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात तीन चौरस सेंटिमीटर वा त्याहून मोठ्या खड्ड्यांसाठी त्या छिद्रांपेक्षा सरस ठरल्या. शास्त्राची पावले अशी पडतात. पुढे, बाजूला, कधी थांबून.

भारतातही स्वतःच्या कूर्चापेशी वाढवून देणाऱ्या उपचाराला २०१७ साली औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट घडली. केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, आणि सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा साधारण दीड लाखावरून कर वगळून ५४,७२० रुपयांवर आला. यातली पहिली बातमी चमत्काराची आणि दुसरी दरपत्रकाची. आमच्या भागातल्या किती आजींना या दोहोंपैकी कोणत्या बातमीने चालते केले असेल, हे सांगायला संख्याशास्त्रज्ञ नको. नीतीच्या दृष्टीने मला दुसरी बातमी लहान वाटत नाही. नवी विद्या शोधणे हे जसे पुण्य, तसेच जुनी विद्या पायरीशी आणून पोचवणे हेही पुण्य आहे, आणि त्याला शोधाइतके टाळ्यांचे भाग्य लाभत नाही.

या दोहोंच्या मधल्या फटीत एक तिसरा धंदा वाढतो. 'ऑपरेशनशिवाय नवी गादी', 'मूळ पेशींनी गुडघे पूर्ववत' अशा जाहिराती वर्तमानपत्रांत आणि आता हातातल्या फोनवरही दिसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताच्या ठरावीक आजारांवरील प्रत्यारोपण वगळता मूळ पेशींचे बाकीचे उपचार प्रायोगिक मानले होते आणि ते पैसे घेऊन विकू नयेत अशी भूमिका घेतली होती. पुढे नियंत्रकांनी एखाद्या औषधाला रीतसर मान्यता दिली तर ती गोष्ट वेगळी. ती मान्यता कागदावर पाहायला मागावी. मला येथे चिंता वाटते ती मुलांच्या मनाची. आईच्या गुडघ्यांकडे वर्षानुवर्षे लक्ष दिले नाही ही बोच असते. ती जाहिरातदाराला नेमकी ठाऊक असते. मग एखादा मुलगा कर्ज काढून ती बोच फेडू पाहतो. आशा विकत घेण्यात पाप नाही. पण खोटी आशा विकणे हे गरजवंताच्या खिशावरच नव्हे, त्याच्या मातृभक्तीवर टाकलेला दरोडा आहे. अशा वेळी शहाण्या शेजाऱ्याने दोन प्रश्न विचारायला लावावेत: हा उपचार माझ्या वयाच्या आणि माझ्यासारखा सांधा असलेल्या किती जणांवर झाला, आणि पाच वर्षांनी ते कसे आहेत? ज्याच्यापाशी उत्तर असेल तो रागावणार नाही.

आणखी एक धोका सूक्ष्म आहे. वस्तू दुरुस्त होते असे कळले की ती वापरण्यातली माया कमी होते. पूर्वी चिनी मातीची बशी जपून धुतली जाई. स्टीलचे ताट आपटले तरी चालते. उद्या कूर्चा सहज वाढवता येऊ लागली, तर खेळाडूला दुखऱ्या गुडघ्याने मैदानात उतरवणारा व्यवस्थापक म्हणेल, 'नंतर भरून घेऊ.' कामगाराला उकिडवे बसवणारा मालक म्हणेल, 'विमा आहे ना.' भरपाईची सोय ही झिजवण्याचा परवाना ठरता कामा नये. विड्या वळणाऱ्या बाईला पाठीला टेकू आणि पायाला उंची देणारे साधे आसन, डोक्यावरच्या घागरीऐवजी दारात नळ, उकिडवे न बसता वापरता येईल असा संडास, या गोष्टींत प्रयोगशाळा लागत नाही. ज्या समाजाने या केल्या नाहीत त्याने पेशींच्या चमत्काराची वाट पाहावी, हे मला शोभणारे वाटत नाही.

याच्या उलट टोकाचा आक्षेपही ऐकू येतो. म्हातारपण हा देहाचा धर्म, दुखणे हा भोग, निसर्गात ढवळाढवळ कशाला? यासाठी गीतेतल्या जीर्ण वस्त्राच्या दृष्टान्ताचा आधार घेतला जातो. मला नम्रपणे असे म्हणायचे आहे की तो दृष्टान्त मरणाचे भय घालवण्यासाठी आहे, फाटके नेसून बसण्यासाठी नाही. आमच्या भागातल्या आज्ज्यांनी जुनेर कधी नुसते टाकले नाही. रफू केले, ठिगळ लावले, आणि अगदीच विरले तेव्हा थरावर थर घालून त्याची वाकळ शिवली. गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी नडगीच्या हाडावरच्या पापुद्र्याचे ठिगळ खड्ड्यावर शिवले, ते याच जातीचे काम. देह नश्वर आहे हे मानूनही त्याची डागडुजी करीत राहणे, यात मला कोणताही अधर्म दिसत नाही. अट एकच: ठिगळ कुठवर लावायचे हे ओळखावे. नव्वदीतल्या थकल्या जिवाला केवळ आपल्या समाधानासाठी शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेणे ही सेवा नव्हे. तिथे गरम पाण्याची पिशवी, हाताशी काठी आणि बोलायला बसलेले माणूस हीच भरपाई.

राहता राहिला चंदनाचा प्रश्न. चंदन स्वतःहून झिजत नाही. त्याला कुणीतरी सहाणेवर घासते, आणि गंध दुसऱ्याच्याच कपाळी लागतो. म्हणून झिजण्याचे कौतुक करण्यापूर्वी मी दोन गोष्टी वेगळ्या करीन. स्वतःच्या इच्छेने, काय खर्च होते आहे ते जाणून, माणूस जे देतो ते दान. ते थोर आहेच. पण न विचारता, न सांगता, 'तिला सवय आहे' एवढ्या भांडवलावर जे काढून घेतले जाते ती वसुली. आपल्या भाषेने या दोहोंना चंदनाचा एकच शब्द दिला, त्यामुळे वसुली करणाऱ्यांची मोठी सोय झाली. कूर्चेच्या विज्ञानाने मला काही नवे शिकवले असेल तर ते हे की झिजेचा हिशेब खरा असतो. तो मिलिमीटरमध्ये मांडता येतो, आणि गौरवाच्या शब्दांनी त्यात एका मिलिमीटरची भर पडत नाही.

येत्या काही वर्षांत ही विद्या पुढे जाईल. आजच्या मुलांच्या हयातीत कदाचित सगळा सांधाच अस्तरासकट नव्याने वाढवता येईल, कदाचित येणार नाही. तोवर करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला फार खर्च नाही. या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन सारे जण चटईवर बसतील, तेव्हा घरात खुर्ची कुणाला हवी आहे हे तिने मागण्यापूर्वी ओळखावे. पुढच्या निरोप समारंभात चंदनाची उपमा देण्याआधी व्यासपीठाच्या पायऱ्यांना कठडा आहे का ते पाहावे. आमच्या शाळेत तो बसवण्याचे काम मी सुट्टीत करून घेणार आहे.